पीएस५, रात्रीचे बारा आणि बिनतारी हेडफोनची भानगड

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती माहीत नसल्यामुळे लोकांचे पैसे वाया जाताना मी खूप बघितलंय. तुमचा ब्लूटूथ हेडफोन पीएस५ ला, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलला, डायरेक्ट जोडता येत नाही. पीएस४ ला पण येत नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सला तर नाहीच नाही. पीएस५ मध्ये ब्लूटूथ आहे, ५.१ आहे, कंट्रोलर त्याच्यावरच चालतो, पण हेडफोनसाठी सोनीने ते दार उघडलेलंच नाही. त्यामुळे हेडफोन दहा हजाराचा असो नाहीतर नऊशेचा, पेअरिंगला लावून बसलात तरी आवाज काही येणार नाही.

आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका दुकानात माझ्यासमोर एक काका नातवासाठी हेडफोन घेत होते, त्यांनी दोनदा विचारलं की प्लेस्टेशनला चालेल ना, आणि दुकानदार अगदी ठामपणे म्हणाला "काका, ब्लूटूथ आहे ना, मग चालणारच". मी मध्ये बोलले, काकांना बाजूला घेऊन समजावलं, दुकानदाराचं तोंड वाकडं झालं ते झालं. पण मला खरंच वाईट वाटतं हो, लोक एवढे पैसे टाकतात, घरी जाऊन पोरगं अर्धा तास सेटिंग उलटीपालटी करतं आणि शेवटी त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये.

मला हा विषय एवढा जवळचा का, तर आमच्याकडे टीव्ही हॉलमध्ये आणि आजी पण हॉलमध्येच झोपते, दिवाणावर. माझा दादा जर्मनीत असतो, श्टुटगार्टला, ऑफिस स्वयंपाक भांडी सगळं उरकून तो साडेआठला ऑनलाइन येतो तेव्हा आपल्याकडे बारा वाजलेले असतात, आणि हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे गेली की एक. आम्ही दोघं लहानपणापासून एकत्र खेळतोय, आधी तो पिवळ्या कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता तेव्हापासून, आणि तो तिकडे गेल्यापासून आमचं नीट बोलणं होतं ते खेळतानाच. आईशी फोनवर तो "जेवलो, हो थंडी आहे, हो स्वेटर घातलाय" एवढंच बोलतो, पण फुटबॉलची मॅच चालू असली की मध्येच ऑफिसमधलं सांगतो, घरमालकाचं सांगतो, एकटं वाटतं ते पण सांगतो. तर माझी गरज एवढीच आहे की आजीची झोप न मोडता मला गेम आणि दादा दोघं नीट ऐकू यावेत आणि मी हळू बोलले तरी त्याला कळावं. मला वाटतं आपल्याकडच्या बहुतेक कन्सोलवाल्यांची गरज थोड्याफार फरकाने हीच असते, कोणाकडे झोपलेलं बाळ असेल, कोणाकडे दहावीची परीक्षा.

आता ब्लूटूथमध्ये अडचण काय आहे ते नीट बघू, कारण ते एकदा कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. आवाज ब्लूटूथने पाठवायचा म्हणजे आधी तो दाबून लहान करायचा (एसबीसी, एएसी ही जी नावं असतात ती त्या दाबण्याच्या पद्धती), मग तुकड्या तुकड्याने हवेतून पाठवायचा, मग हेडफोन ते तुकडे थोडे साठवून ठेवतो म्हणजे मध्ये एखादा हरवला तरी आवाज तुटू नये, आणि मग उलगडून वाजवतो. या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलीसेकंद जातात. गाण्याला काहीच फरक पडत नाही. गेमला पडतो. कारण गेम सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे ६० चित्रांवर, चालत असेल तर एक फ्रेम १६.७ मिलीसेकंदाची, म्हणजे २०० मिलीसेकंदात १२ फ्रेम निघून जातात आणि मग तुम्हाला किकचा आवाज येतो. स्टेडियममध्ये बाउंड्रीपाशी बसून मॅच बघितली असेल तर आठवा, बॅट्समन शॉट मारतो ते आधी दिसतं आणि टक आवाज मागून येतो, ते अंतर असतं साधारण ७० मीटर आणि आवाजाला तेवढं यायला ०.२ सेकंद लागतात. ब्लूटूथ लावून गेम खेळणं म्हणजे स्वतः बॅटिंग करायची आणि आवाज मात्र बाउंड्रीवरून ऐकायचा.

मग यूट्यूबला का नाही जाणवत, हा प्रश्न मला खूप जण विचारतात. तिथे पुढचं चित्र काय आहे ते फोनला आधीच माहीत असतं, म्हणून तो चित्रच थोडं थांबवून धरतो, आवाज पोचेपर्यंत, आणि दोन्ही बरोबर दिसतात. गेममध्ये पुढचं चित्र तुमच्या अंगठ्यावर ठरतं. तुम्ही बटण दाबायच्या आधी ते अस्तित्वातच नसतं. चित्र थांबवून धरलं तर बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलणार, ते आवाज उशिरा येण्यापेक्षा वाईट. त्यामुळे ब्लूटूथचा हा लॅग, म्हणजे आवाजाचा उशीर, गेममध्ये लपवायला जागाच नाही, आणि तुमच्या मित्राचा इअरबड सिनेमा बघताना मस्त चालतो म्हणून कन्सोलला पण मस्त चालेल असं होत नाही.

घरच्या घरी तपासायचं असेल तर फार सोपं आहे. कन्सोलच्या होम मेनूवर जा आणि डी-पॅडने (कंट्रोलरवरची चार दिशांची बटणं) एका आयकॉनवरून दुसऱ्यावर जा, प्रत्येक वेळी बारीक टिक होतो तो कधी येतो बघा. भराभर पुढे गेलात आणि थांबल्यावरही टिक टिक येत राहिला तर लॅग आहे. अजून खोलात जायचं तर फोनचा स्लो मोशन २४० फ्रेमवर लावा, हेडफोनचा एक कप फोनच्या माइकजवळ धरा आणि टीव्ही फ्रेममध्ये येईल असं शूट करा. मग व्हिडिओ एक एक फ्रेम पुढे सरकवत बघायचं, इथे आयकॉन हलला आणि इथे टिक आला, मधली प्रत्येक फ्रेम साधारण ४.२ मिलीसेकंदाची. मी आणि शेजारचा ओंकार एका रविवारी दुपारी हेच करत बसलो होतो, आजी विचारत होती टीव्हीचं काय शूटिंग चाललंय. पण त्यातून जे दिसलं ते अगदी स्वच्छ होतं, वायरवाल्या हेडफोनला आयकॉन आणि टिक जवळजवळ एकत्र, आणि ब्लूटूथला आयकॉन हलून, स्थिर होऊन, त्याचं नाव खाली उमटून झाल्यावर मग टिक.

लॅगपेक्षाही मला जास्त त्रासदायक वाटते ती माइकची गोष्ट, आणि याबद्दल फार कमी लोक बोलतात. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये, म्हणजे आज घरोघरी आहेत त्या बहुतेक हेडफोनमध्ये, चांगला स्टिरिओ आवाज ऐकणं आणि माइक वापरणं हे दोन वेगळे मोड आहेत, दोन्ही एकदम होत नाहीत. माइक चालू झाला की हेडफोन फोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि तुम्हाला ऐकू येणारा आवाज पण मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाल्यावर गाण्याचा आवाज एकदम पडतो बघा, तेच. म्हणजे समजा कन्सोलने ब्लूटूथ हेडफोन घेतला असता तरी दादाशी बोलायचं म्हटलं की गेमच्या आवाजाची वाट लागली असती. डावीकडून कोण पळत येतंय हे मोनोमध्ये कळणारच नाही. एलई ऑडिओ म्हणून ब्लूटूथचं नवीन रूप आलंय, त्यात हे दोन्ही प्रश्न बरेच कमी होतात, पण ते पाठवणाऱ्याकडे आणि ऐकणाऱ्याकडे दोन्हीकडे लागतं, आणि या कन्सोलमध्ये ते नाही.

निन्टेन्डोने त्यांच्या स्विच या कन्सोलमध्ये दार उघडलं ते पण बघण्यासारखं आहे. स्विच आला २०१७ मध्ये आणि ब्लूटूथ ऑडिओ मिळाला सप्टेंबर २०२१ च्या अपडेटमध्ये, साडेचार वर्षांनी. आणि अटी काय, तर हेडफोन जोडलेला असताना बिनतारी कंट्रोलर दोनच चालणार, आणि जॉयकॉनची (स्विचचे छोटे सुटे कंट्रोलर) एक जोडी म्हणजे दोन कंट्रोलर धरतात, म्हणजे एकाच माणसाचे हात भरले. ब्लूटूथ माइक चालत नाही. शेजारी बसलेल्या मित्राच्या स्विचशी लोकल वायरलेसने खेळायला लागलात तर हेडफोन तुटतो. हे वाचलं की कळतं की एकाच रेडिओवर कंट्रोलर आणि आवाज दोन्ही वाहून न्यायचं म्हणजे किती ओढाताण होते, आणि कंट्रोलरचं बटण उशिरा पोचण्यापेक्षा हेडफोनला नाही म्हणणं बरं असा विचार कन्सोल बनवणारे का करत असतील तेही समजतं. तरी मला वाटतं सोनीने निदान तसा पर्याय द्यायला हवा होता, खाली लिहायचं की लॅग येईल, एकटे गोष्टीवाले गेम खेळणारे आनंदाने वापरतील. माझी एक मैत्रीण फक्त कोडी आणि शेतीवाले गेम खेळते, तिला १२ फ्रेमने काही फरक पडत नाही.

आता उपाय. माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय सगळ्यात स्वस्त आहे आणि लोकांना तो उपाय वाटतच नाही. कंट्रोलरच्या खालच्या बाजूला ३.५ एमएमचं भोक असतं, त्यात साधा वायरवाला हेडफोन लावायचा. झालं. लोकांना वाटतं वायर म्हणजे टीव्हीपासून सोफ्यापर्यंत लोंबणार आणि कोणीतरी पाय अडकून पडणार, पण ही वायर फक्त तुमच्या मांडीपासून कानापर्यंत असते. कन्सोलपासून कंट्रोलरपर्यंत आवाज बिनतारीच येतो. म्हणजे हा बिनतारी हेडफोनच आहे, शेवटचे दोन-तीन फूट सोडून. लॅग जाणवत नाही, माइक चालतो, आणि फोनबरोबर पूर्वी आलेला इअरफोन ड्रॉवरमध्ये असेल तर खर्च शून्य. फक्त इअरफोनच्या पिनवर काळ्या रिंग तीन आहेत का बघा, तीन असतील तर त्यात माइक आहे, दोन असतील तर फक्त ऐकू येईल. कंट्रोलरची बॅटरी थोडी लवकर उतरते, तेवढं आहे.

पीएस५ मध्ये सेटिंग्ज, साउंड, ऑडिओ आउटपुट इथे जाऊन हेडफोनला "ऑल ऑडिओ" आहे का "चॅट ऑडिओ" ते बघून घ्या. चॅटवर असेल तर हेडफोनमध्ये फक्त मित्राचा आवाज येणार आणि गेम टीव्हीवर वाजत राहणार, आणि मग लोक म्हणतात हेडफोन खराब आहे. आमच्या सोसायटीत एकाने याच कारणासाठी चांगला हेडसेट परत पाठवला होता.

वायरवाल्या हेडसेटचा अजून एक फायदा मला रोज जाणवतो. तोंडाजवळ येणारा काडीसारखा माइक असेल तर अगदी कुजबुजलं तरी पलीकडे नीट ऐकू जातं. पीएस५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये स्वतःचा माइक असतोच, पण तो असतो मांडीवर, म्हणजे रात्री एक वाजता तुम्हाला आवाज चढवून बोलावं लागतं आणि वरून बटणांचा खटखटाट दादाला ऐकू जातो. आजी जागी व्हायची ती गेमच्या आवाजाने नाही, माझ्या "अरे पास दे ना" ने.

पण खरंच वायर नकोच असेल, मग २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओचा तुकडा, असलेला हेडसेट घ्या. दुकानात विचारताना ब्लूटूथ हा शब्द काढूच नका, "डोंगलवाला, पीएस५ चा" असं म्हणा. यात कन्सोलला वाटतं की यूएसबीला साउंड कार्ड लावलंय, आणि डोंगल ते हेडसेट हा रस्ता कंपनीचा स्वतःचा असतो, त्यात साठवून ठेवणं फार कमी, त्यामुळे लॅग इतका थोडा की खेळताना कळत नाही, आणि माइक चालू असतानाही स्टिरिओ राहतो. सोनीचा पल्स थ्रीडी पीएस५ बरोबरच आला होता, त्याला साधारण १२ तास बॅटरी. मग डिसेंबर २०२३ मध्ये पल्स एक्सप्लोर नावाचे इअरबड आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पल्स एलिट आला, या दोघांत प्लेस्टेशन लिंक नावाची नवीन पद्धत आहे. एलिटची बॅटरी ३० तास, इअरबडची ५ तास आणि मग डबीत ठेवून चार्ज. या दोन्हीत मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की कन्सोलला जोडलेले असतानाच ते ब्लूटूथने फोनलाही जोडता येतात. म्हणजे गेम कन्सोलकडून आणि दादा व्हॉट्सअॅप कॉलवर, दोन्ही एकाच कानात. ज्यांचा भाऊ, मित्र वेगळ्या कन्सोलवर आहे त्यांच्यासाठी हे फार कामाचं आहे. डिस्कॉर्ड, म्हणजे खेळणारे बोलायला वापरतात ते अॅप, तेही आता पीएस५ वर चालतं, मार्च २०२३ पासून, तो पण एक रस्ता.

आणि हो, ज्यांच्याकडे प्लेस्टेशन पोर्टल आहे, ती हातात धरायची स्क्रीन, त्यालाही ब्लूटूथ हेडफोन चालत नाही, प्लेस्टेशन लिंक नाहीतर वायर. हे वाचून मला खरंच राग आला होता. ती वस्तूच मुळात दुसऱ्या खोलीत पलंगावर पडून खेळायला बनवलेली.

डोंगलवाल्यात आवाज मध्येमध्ये कडकड करतो, तुटतो अशी तक्रार खूप असते, आणि बऱ्याचदा दोष हेडसेटचा नसतो, टीव्हीखालच्या कपाटाचा असतो. आपल्याकडे काय असतं, टीव्ही युनिटच्या एका खणात कन्सोल, त्याच्या डोक्यावर वायफायचा राउटर, बाजूला सेट टॉप बॉक्स, मागे वायरींचं जाळं, आणि डोंगल कन्सोलच्या मागे भिंतीकडे तोंड करून. २.४ गिगाहर्ट्झवरच राउटर बोलतो, त्यावरच ब्लूटूथ, त्यावरच स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. आणि एक गोष्ट सहसा कोणाला सुचत नाही, यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि त्याला लावलेल्या हार्ड डिस्कच्या केबलमधून २.४ च्या आसपासच रेडिओचा कचरा बाहेर पडतो, इंटेलने २०१२ मध्येच यावर पेपर काढलाय. म्हणजे गेम ठेवायला लावलेली बाहेरची हार्ड डिस्क आणि हेडसेटचा डोंगल मागच्या बाजूला शेजारी शेजारी लावले तर कडकड होणारच.

जुन्या, म्हणजे जाड्या पीएस५ ला पुढे एक साधा यूएसबी २ चा चौकोनी पोर्ट आहे, डोंगलला तीच जागा. स्लिम मॉडेलला पुढे दोन्ही टाइप-सी आहेत, चौकोनी फक्त मागे, त्यामुळे स्लिमवाल्यांनी एक छोटी यूएसबी एक्स्टेंशन केबल घ्यावी, अगदी साधी, आणि डोंगल टीव्ही युनिटच्या पुढच्या कडेला तुमच्याकडे तोंड करून दोन-बाजूच्या टेपने चिकटवून टाकावा. राउटर दुसऱ्या खणात सरकवा, कन्सोल वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर टाका नाहीतर सरळ लॅन केबल लावा. ओंकारकडे एवढं केल्यावर कडकड बंद झाली, त्याआधी तो हेडसेट विकायला निघाला होता.

एक्सबॉक्सवाल्यांनी जरा जपून. एक्सबॉक्सचं बिनतारी सगळं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं आहे, आणि यूएसबीला कुठलंही साउंड कार्ड लावलं तर ते ओळखत नाही, त्यामुळे पीएस५ चा डोंगल तिथे मुका. बॉक्सवर एक्सबॉक्स असं स्पष्ट लिहिलेलंच घ्यायचं. बऱ्याच कंपन्या दिसायला तोच हेडसेट दोन प्रकारात काढतात, एक प्लेस्टेशनचा एक एक्सबॉक्सचा, आणि गंमत म्हणजे एक्सबॉक्सवाला प्रकार पुष्कळदा प्लेस्टेशनलाही चालतो पण उलटं होत नाही. घरात दोन्ही कन्सोल असतील किंवा पुढे बदलायचा विचार असेल तर एक्सबॉक्सवाला बघा आणि बॉक्सच्या मागे दोन्ही नावं आहेत का वाचा. कंट्रोलरला वायर लावायचा उपाय एक्सबॉक्सलाही आहेच, फक्त २०१३ च्या पहिल्या एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरला ते भोक नव्हतं, २०१५ पासून आलं. सेकंड हँड घेणाऱ्यांनी बघून घ्या.

आता ज्यांच्याकडे आधीच एखादा भारी ब्लूटूथ हेडफोन आहे, कोणी अमेरिकेहून आणलेला, नॉइज कॅन्सलिंगवाला, त्यांचा जीव त्यातच अडकलेला असतो आणि ते बरोबरही आहे. त्यांच्यासाठी ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो, अंगठ्याएवढा. तो पीएस५ च्या किंवा स्विचच्या डॉकच्या यूएसबीला लावला की कन्सोलला साउंड कार्ड दिसतं आणि ब्लूटूथचं काम तो स्वतः करतो. घेताना बघायचं काय, तर कमी लॅगची जी पद्धत त्यावर लिहिलीये ती तुमच्या हेडफोनमध्येही आहे का. अॅप्टएक्स लो लेटन्सी म्हणून एक आहे, साधारण ४० मिलीसेकंदात काम होतं, पण ती दोन्हीकडे लागते. एअरपॉडला एसबीसी आणि एएसी एवढंच कळतं, त्यामुळे ट्रान्समीटरवर कितीही मोठ्या अक्षरात लो लेटन्सी लिहिलेलं असलं तरी एअरपॉड लावला की गाडी परत जुन्या गतीवर. हल्लीच्या इअरबडच्या बॉक्सवर गेमिंग मोड ४० एमएस, ५० एमएस असं असतं, ते पण त्या इअरबडने आणि समोरच्याने मिळून जमवायचं असतं, म्हणून तो आकडा बघून घेऊ नका, वरची टिक टिकवाली टेस्ट करा.

ट्रान्समीटरबरोबर बोलायचं असेल तर एक युक्ती आहे. पीएस५ मध्ये आवाज कुठे जाणार आणि माइक कुठला हे वेगवेगळं निवडता येतं. आउटपुट ट्रान्समीटरला द्या आणि माइक कंट्रोलरचा ठेवा. हेडफोनचा माइक वापरलाच नाही तर तो फोन कॉलच्या मोडमध्ये जाणार नाही आणि स्टिरिओ शाबूत राहील. मांडीवरच्या माइकची अडचण वर लिहिलीच आहे, त्यावर काही ट्रान्समीटरबरोबर एक बोटाच्या पेराएवढा माइक येतो तो कंट्रोलरच्या भोकात लावायचा, तोही मांडीवरच राहतो म्हणा, पण दिवसा चालून जातं.

टीव्हीचं ब्लूटूथ वापरू का असं पण विचारतात. टीव्हीत असेल तर फुकट आहे, करून बघा, गोष्टीवाल्या गेमला चालेल, पण लॅग तोच आणि माइक नाही. बऱ्याच टीव्हींना मागे साधा हेडफोन जॅक असतो, त्याला लांब वायर लावली तर निदान लॅग तरी नाही. टीव्हीचा गेम मोड मात्र चालू ठेवा.

हेडफोन लागला की मग पीएस५ ची थ्रीडी ऑडिओची सेटिंग करून घ्याच, मला याचं फार कौतुक आहे. टेम्पेस्ट म्हणतात त्याला, आणि साध्या स्टिरिओ हेडफोनवर चालतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. आवाज मागून, वरून, जिन्याखालून आला तर तसाच वाटतो. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा म्हणून आवाज कानाच्या पातळीवर कुठल्या पर्यायात वाटतो ते ऐकून निवडायचं असतं, आणि सप्टेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये बऱ्याच चाचण्या घेऊन तुमच्यापुरतं प्रोफाइल बनवायची सोय आली, तेवढा वेळ द्या, शांत खोलीत बसून. आणि हेडसेटच्या बॉक्सवर ७.१ सराउंड लिहिलेलं असेल तर ते बंद ठेवा. कन्सोलने एकदा दिशा मिसळून दिलेला आवाज हेडसेटने परत मिसळला की सगळं बोगद्यातून आल्यासारखं होतं. एक्सबॉक्सला विंडोज सॉनिक फुकट आहे, डॉल्बी अॅटमॉसचे पैसे लागतात, आधी फुकटवालं लावून बघा.

आवाज किती ठेवायचा हे पण बोलायला हवं, कारण कानाचं गेलेलं परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल इथपर्यंत ठीक म्हणते, आणि आवाज वाढला की ते तास फार झपाट्याने कमी होतात. आपल्याकडे पंखा पाचवर, खिडकी उघडी, खाली रिक्षा, त्यात उघड्या जाळीचा किंवा कानात नीट न बसणारा हेडफोन असेल तर आपण नकळत आवाज वाढवत जातो. म्हणून आपल्या घरांसाठी कान पूर्ण झाकणारा बंद कपाचा हेडफोनच बरा. उन्हाळ्यात घाम येतो, रेक्झिनच्या गाद्यांपेक्षा कापडी गाद्या बऱ्या पडतात, काही हेडसेटना त्या बदलता येतात. मुलांसाठी घेत असाल तर एकदा स्वतः कानाला लावून त्यांचा नेहमीचा आवाज ऐका. आणि एक कान थोडा मोकळा ठेवायची सवय मी लावून घेतलीये, रात्री आजीला उठायचं असलं तर ती हाक मारते.

शेवटचं डोंगलबद्दल. तो नखाएवढा तुकडा हरवला तर तुमचा बिनतारी हेडसेट बिनतारी राहत नाही, आणि पुष्कळ कंपन्यांचा सुटा डोंगल सहज मिळत नाही, मिळाला तरी जुन्या हेडसेटशी जुळेलच असं नाही. सेकंड हँड हेडसेट स्वस्तात दिसला की पहिला प्रश्न डोंगल आहे का, आणि असेल तर विकणाऱ्याच्या घरीच त्याच्या कन्सोलला लावून माइकसकट चालवून दाखवायला सांगा. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत मेनूची टेस्ट, माइकची टेस्ट आणि बॅटरी एकदा पूर्ण उतरेपर्यंत वापर, हे तिन्ही करून घ्या. दादा दिवाळीला येतोय, त्याचा हेडसेट तो घेऊन येणार आहे, त्याला आधीच मेसेज करून ठेवलाय की डोंगल पीसीलाच लावलेला विसरू नको.